पडद्यावरच्या बाजारातील बोली

ऑनलाइन बाजारपेठेत माल विक्रीस ठेवणे आणि तो ग्राहकाच्या नजरेस पडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील दुसऱ्या गोष्टीसाठी आज स्वतंत्र मोल मोजावे लागते. ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्ट यांसारख्या संकेतस्थळावर ‘हळद पावडर’ हे शब्द टाइप केले की शेकडो पाकिटांची यादी तयार होते. परंतु मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी त्यांतील मोजकीच मावतात, आणि या वरच्या जागांपैकी बऱ्याच जागा ‘प्रायोजित’ अशी बारीक अक्षरांतील खूण असलेल्या जाहिरातींनी व्यापलेल्या असतात. ती जागा कोणाला मिळावी हे कोणी माणूस बसून ठरवत नाही. ग्राहकाने शब्द टाइप केल्यापासून यादी दिसेपर्यंतच्या क्षणार्धात त्या जागेचा लिलाव होतो, आणि त्यात विक्रेत्याच्या वतीने बोली लावण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सॉफ्टवेअर करते. हे सॉफ्टवेअर काय करते, कोणत्या आकड्यामागे धावते आणि कोणता निर्णय त्याच्यावर सोपवता येत नाही, हे प्रश्न नांदेड-लातूर पट्ट्यातील उत्पादकांच्या नफ्या-तोट्याशी थेट निगडित आहेत.

या पट्ट्यात विकण्याजोगा आणि नाव घेऊन सांगण्याजोगा माल आहे. अर्धापूर, वसमत आणि आसपासच्या तालुक्यांतील हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन नांदेड, हिंगोली व वसमतच्या बाजारात येते. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला, तसेच लातूर जिल्ह्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या भूभागाशी जोडलेल्या गुणांमुळे ते नाव वापरण्याचा हक्क कायद्याने तेथील उत्पादकांपुरता राखला गेला. राज्याच्या सीमेपलीकडे निजामाबादेत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय हळद मंडळाचे १४ जानेवारी २०२५ रोजी उद्घाटन झाले. मात्र मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, कांडी किंवा गोळा म्हणून क्विंटलने विकली जाणारी हळद आणि पाचशे ग्रॅमच्या पाकिटातून पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात पोहोचणारी हळद यांच्या भावांतील फरक ज्याच्या पदरात पडतो, तो बहुधा पिकवणारा नसतो. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिलांचे बचत गट ऑनलाइन विक्रीकडे वळतात ते हा फरक आपल्याकडे राहावा म्हणून, आणि हिशेब चुकला तर नेमका हाच फरक जाहिरातीच्या खर्चात वाहून जातो.

शोधाच्या शब्दाला किंमत लावण्याची कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू डॉट कॉम’ या कंपनीने १९९८ मध्ये शोधयादीतील जागा बोलीवर विकण्यास सुरुवात केली, आणि जाहिरात नुसती दिसल्याबद्दल नव्हे, तर तिच्यावर कोणी क्लिक केले तरच पैसे घ्यायचे, हा पायंडा तिने रुजवला. गूगलने २००२ मध्ये ही पद्धत सुधारून स्वीकारली. तिच्यामागील तत्त्व त्याहून जुने आहे: विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये अशा लिलावाचे गणित मांडले, ज्यात सर्वांत वरची बोली लावणारा जिंकतो, पण त्याला किंमत द्यावी लागते ती दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढी; १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या दोघांपैकी ते एक होते. ॲमेझॉनने स्वतःच्या दुकानातील शोधयादीत विक्रेत्यांच्या जाहिराती घेण्यास २०१२ च्या सुमारास आरंभ केला, आणि आज तो धंदा एवढा वाढला आहे की कंपनीच्या वार्षिक हिशेबानुसार जाहिरातीचे तिचे जागतिक उत्पन्न २०२१ मध्ये सुमारे ३१ अब्ज डॉलर होते ते २०२४ मध्ये ५६ अब्ज डॉलरच्या पुढे गेले. बाजारपेठ चालवणारी कंपनी विक्रीवर कमिशन घेते आणि विक्रीपूर्वीच्या दर्शनावरही कमाई करते, ही गोष्ट या विषयाचा विचार करताना सतत समोर ठेवली पाहिजे.

मोंढ्यातील लिलावाशी तुलना केल्यास या लिलावाचे वेगळेपण लवकर उमगते. मोंढ्यात माल शेतकऱ्याचा असतो आणि बोली खरेदीदार लावतात, त्यामुळे स्पर्धा वाढली की शेतकऱ्याचा फायदा होतो. पडद्यावरच्या लिलावात मात्र बोली विक्रेते लावतात, विकली जाते ती ग्राहकाची नजर, आणि स्पर्धा वाढली की फायदा बाजार चालवणाऱ्याचा होतो. शिवाय येथे केवळ मोठी बोली पुरत नाही. क्लिक झाल्यावरच पैसे मिळणार असल्याने, कोणत्या जाहिरातीवर क्लिक होण्याचा संभव किती, हेही बाजारपेठ अजमावते. समजा, एका विक्रेत्याची बोली ५ रुपये आहे आणि त्याची जाहिरात शंभर जणांना दिसली तर एकच जण क्लिक करतो. म्हणजे प्रत्येक दर्शनामागे बाजारपेठेला ५ पैसे मिळण्याची अपेक्षा. दुसऱ्याची बोली ३ रुपयेच आहे, पण छायाचित्र स्पष्ट, नाव नेमके आणि भाव वाजवी असल्याने शंभरांतील दोघे क्लिक करतात. म्हणजे प्रत्येक दर्शनामागे ६ पैसे. जागा या दुसऱ्याला मिळते, आणि पहिल्याच्या वर राहण्यासाठी त्याला क्लिकमागे अडीच रुपयांहून किंचित अधिक द्यावे लागतात. कंपन्या आपले नेमके सूत्र उघड करत नाहीत, परंतु तत्त्व हे असे आहे. चांगले छायाचित्र आणि खरी, पूर्ण माहिती हा जाहिरातीचा खर्च कमी करण्याचा पहिला उपाय ठरतो, तो यामुळेच. त्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

जाहिरातीची मांडणी तीन पातळ्यांवर असते. सर्वांत वर कॅम्पेन, म्हणजे मोहीम, जिला रोजचे बजेट ठरवून दिलेले असते. तिच्या पोटात गट असतात. आणि प्रत्येक गटात काही वस्तू आणि त्या ज्या शब्दांवर दाखवायच्या ते शब्द, ज्यांना विक्रेते ‘कीवर्ड’ म्हणतात, व प्रत्येक शब्दावरची बोली असते. शब्द जुळवण्याच्या पद्धतीही तीन आहेत. नेमक्या जुळणीत ग्राहकाने जवळजवळ तेच शब्द टाइप केले तरच जाहिरात दिसते. वाक्यांश-जुळणीत त्या शब्दांच्या मागेपुढे आणखी शब्द चालतात. आणि व्यापक जुळणीत क्रम बदलला किंवा अर्थाने जवळचा शब्द आला तरी चालते. याखेरीज स्वयंचलित मोहीम असते, जिच्यात विक्रेता शब्द देतच नाही. वस्तूची माहिती वाचून कोणत्या शोधांवर आणि कोणत्या इतर वस्तूंच्या पानांवर ती दाखवावी, हे बाजारपेठच ठरवते. या सर्वांना लगाम घालणारा शब्दांचा एक वर्ग आहे, तो म्हणजे नकारात्मक शब्दांचा: हे शब्द शोधात असतील तर जाहिरात दाखवू नये, अशी सूचना. खाण्याची हळद विकणाऱ्याने ‘हळदीचा फेसपॅक’, ‘हळदी समारंभ सजावट’, ‘हळदीच्या गोळ्या’ हे शोध वेळीच बंद केले नाहीत, तर समारंभाच्या सजावटीचा शोध घेणाऱ्यांच्या क्लिकचे पैसे त्याला भरावे लागतात.

मराठी मुलखातील विक्रेत्याला या ठिकाणी एक अडचण येते आणि एक संधीही मिळते. ॲमेझॉनने आपल्या भारतीय दुकानात मराठीची सोय २०२१ मध्ये दिली, तरी एकाच वस्तूचा शोध देवनागरीत ‘हळद’, हिंदी वळणाने ‘हल्दी’, इंग्रजी शब्दाने ‘टर्मरिक’ आणि रोमन अक्षरांत चार-पाच तऱ्हांच्या स्पेलिंगने घेतला जातो. ‘तूरडाळ’, ‘तुरीची डाळ’, ‘अरहर’ यांचेही तेच. परगावचा जाणकार या सर्व रूपांची यादी करू शकणार नाही. ‘सेलम हळद’, ‘घरगुती हळद’, ‘बिनपॉलिशची तूरडाळ’ असे शब्द कोणत्या ग्राहकाच्या तोंडी असतात, हे माल पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्यालाच ठाऊक असते. अशा कमी वापराच्या, पण नेमक्या शब्दांवर स्पर्धा कमी असल्याने बोलीही कमी लागते. कोणते शोध घेऊन ग्राहक जाहिरातीपर्यंत आले, याचा अहवाल बाजारपेठ विक्रेत्याला देते. तो दर आठवड्याला वाचणे, त्यातील कामाचे शोध नेमक्या जुळणीत आणणे आणि निरुपयोगी शोध नकारात्मक यादीत टाकणे, हा या व्यवसायाचा मूळ नित्यक्रम आहे, आणि सॉफ्टवेअर आले ते तो नित्यक्रम हाताने पार पाडणे अशक्य झाल्यामुळे.

किती अशक्य, हे साध्या गुणाकाराने कळते. आठ प्रकारची पाकिटे, प्रत्येकासाठी पन्नास शब्द आणि जुळणीच्या तीन पद्धती धरल्या की १,२०० बोली होतात, आणि त्यांतील प्रत्येक बोली हंगाम, सण, प्रतिस्पर्ध्यांचे भाव आणि आपला साठा यांनुसार बदलावी लागते. पहिला उपाय साध्या तक्त्याच्या फाइलचा आहे: सर्व मोहिमा एका फाइलमध्ये उतरवून घ्यायच्या, तक्त्यातच बदल करायचे आणि ती फाइल पुन्हा चढवायची. ही सोय बाजारपेठ स्वतः देते, तिला वेगळे शुल्क नाही, आणि लहान विक्रेत्याचे बरेचसे काम एवढ्यावर भागते. त्यापुढची पायरी नियमांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची. ‘ठरावीक क्लिक होऊनही ऑर्डर नाही, तर बोली एक चतुर्थांशाने कमी करा’, ‘रात्री अकरानंतर बोली उतरवा’, ‘साठा शंभर पाकिटांखाली गेला तर मोहीम थांबवा’, असे नियम विक्रेत्याने सांगायचे आणि सॉफ्टवेअरने ते पाळायचे. त्याहून पुढे शिकणारी प्रणाली येते, जिला विक्रेता केवळ उद्दिष्ट सांगतो आणि मागील आकड्यांवरून प्रत्येक बोली किती असावी ते ती स्वतः ठरवते. पॅकव्ह्यू, टीकामेट्रिक्स, पर्पेच्युआ ही या क्षेत्रातील परदेशी नावे, तर सेलरॲप हे बंगळुरूशी संबंधित नाव. या सर्वांचे काम एपीआयद्वारे चालते, म्हणजे दोन संगणक-प्रणालींनी ठरावीक स्वरूपात माहिती आणि आदेश यांची देवाणघेवाण करण्याची जी अधिकृत व्यवस्था बाजारपेठेने ठेवली आहे तिच्याद्वारे. म्हणून अशा सॉफ्टवेअरला खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी देण्याची कधीही गरज नसते. विक्रेता आपल्या खात्यातून परवानगी देतो आणि ती केव्हाही काढून घेऊ शकतो. जो कोणी पासवर्डच मागतो, त्याच्या हाती खाते देऊ नये.

आता मुख्य मुद्दा. जवळजवळ सर्व सॉफ्टवेअर ज्या आकड्यावर चालते, त्याला विक्रेते ‘एकॉस’ म्हणतात: जाहिरातीवरचा खर्च भागिले त्या जाहिरातीतून आलेली विक्री. हजार रुपये खर्चून दहा हजारांची विक्री झाली, तर एकॉस १० टक्के. हा आकडा पडद्यावर ठळक दिसतो, त्याचा आलेख निघतो, आणि तो खाली आणणे हेच यश असे गृहीत धरले जाते. परंतु या भागाकारात हळदीची खरेदी, दळणावळ, पाकीट, कमिशन आणि वाहतूक यांपैकी काहीच नसते. म्हणून सॉफ्टवेअरला उद्दिष्ट सांगण्यापूर्वी विक्रेत्याने कागदावर एक हिशेब मांडणे अपरिहार्य आहे. उदाहरणादाखल, पाचशे ग्रॅमच्या पाकिटाची विक्री-किंमत कर वगळून २०० रुपये धरू. हळद, दळण आणि पॅकिंग मिळून ९० रुपये. बाजारपेठेचे कमिशन आणि पाठवणावळ ७० रुपये. उरतात ४० रुपये. जाहिरातीसाठी जास्तीत जास्त वाव तो एवढाच, म्हणजे किमतीच्या २० टक्के. एकॉस ३० टक्के असेल, तर प्रत्येक जाहिरातीच्या ऑर्डरमागे २० रुपये घरातून जातात, आणि जेवढी विक्री वाढेल तेवढा तोटा वाढतो. याच हिशेबातून बोलीची कमाल मर्यादा निघते: शंभर क्लिकमागे पाच ऑर्डर येत असतील, तर एका क्लिकला ४० रुपयांच्या पाच टक्के, म्हणजे २ रुपयांपेक्षा अधिक देणे परवडत नाही. तूरडाळीसारख्या मालात उरणारी रक्कम सहसा याहून कमी असते, त्यामुळे हळदीसाठी योग्य ठरलेली बोली डाळीला लावणे धोक्याचे ठरते.

याच्या उलट चूकही होते. एकॉस जितका कमी तितके चांगले, असे मानून सॉफ्टवेअरला तो खाली आणण्याचा आदेश दिला, तर ते खर्च आखडते आणि नफाही आखडतो. वरच्याच पाकिटावर १,००० रुपये खर्चून ५० ऑर्डर आल्या, तर एकॉस १० टक्के आणि जाहिरातीचा खर्च वजा जाता हाती १,००० रुपये. तोच खर्च २,००० वर नेऊन ८० ऑर्डर आल्या, तर एकॉस १२.५ टक्क्यांवर चढतो, पण हाती १,२०० रुपये येतात. टक्केवारी बिघडली आणि कमाई सुधारली. विक्रेत्याला घरी न्यायचे असतात ते रुपये. टक्केवारी हे मापन आहे, आणि मापनालाच उद्दिष्ट केले की प्रणाली ते इमानेइतबारे गाठून देते, मग पदरात काहीही पडो.

लहान विक्रेत्याच्या बाबतीत यापेक्षाही सूक्ष्म अडचण आहे, ती आकड्यांच्या अपुरेपणाची. एखाद्या शब्दावर वीस क्लिक झाले आणि एकही ऑर्डर आली नाही, तर तो शब्द निकामी समजून बंद करण्याचा नियम अनेक जण लावतात. पण त्या शब्दाची खरी क्षमता शंभरात पाच ऑर्डरची असली, तरी वीस क्लिक कोरडे जाण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. म्हणजे असे चांगले शब्द शंभर असतील, तर त्यांतील छत्तीस केवळ योगायोगाने बंद पडतील. साठ क्लिक कोरडे गेले, तर मात्र योगायोगाची शक्यता ५ टक्क्यांच्या आत येते. अडचण अशी की शंभर शब्दांना प्रत्येकी साठ क्लिक देऊन पाहायचे, तर २ रुपयांच्या दराने १२,००० रुपये लागतात, आणि बचत गटाच्या पहिल्या वर्षाच्या हिशेबात ही रक्कम सहज बसत नाही. मोठ्या कंपनीकडे रोज हजारो क्लिक असतात म्हणून तिचे सॉफ्टवेअर शहाणे वाटते. तेच सॉफ्टवेअर थोड्या आकड्यांवर सोडले की ते योगायोगालाच ज्ञान समजून निर्णय घेऊ लागते.

यावर संख्याशास्त्रात जुना उपाय आहे, आणि तो समजायला कठीण नाही. थॉमस बेझ यांच्या १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधापासून चालत आलेला विचार असा की नव्या निरीक्षणाकडे कोऱ्या मनाने न पाहता आधीच्या अनुभवाचे ठरावीक वजन धरून पाहावे. सर्व शब्दांची मिळून सरासरी शंभरात पाच ऑर्डरची असेल, तर प्रत्येक नव्या शब्दाच्या खात्यात आरंभीच साठ क्लिक आणि तीन ऑर्डर जमा आहेत असे मानायचे. मग वीस कोरडे क्लिक झाल्यावर हिशेब ८० क्लिकमागे ३ ऑर्डर, म्हणजे ३.७५ टक्के होतो, आणि बोली शून्यावर न जाता २ रुपयांवरून दीड रुपयावर येते. साठ कोरड्या क्लिकनंतर ती १ रुपयावर येते. उलट वीस क्लिकमध्ये पाच ऑर्डर आल्या, तर ८० मागे ८, म्हणजे १० टक्के होऊन बोली ४ रुपयांपर्यंत चढवता येते. वीसात पाच म्हणजे २५ टक्के, असे समजून ती १० रुपयांवर नेण्याची चूक टळते. संगणकावरील साध्या तक्त्यात बसणारे हे सूत्र आहे, आणि महागड्या प्रणालींच्या पोटात बऱ्याचदा याचीच विस्तारित रूपे असतात.

वेळेचाही हिशेब चुकतो. सोमवारी जाहिरातीवर क्लिक करणारा ग्राहक शुक्रवारी खरेदी करू शकतो, म्हणून बाजारपेठ क्लिकनंतरच्या काही दिवसांतली विक्री, ॲमेझॉनवरील विक्रेत्यांच्या बाबतीत सहसा सात दिवसांची, त्या जाहिरातीच्या नावे लावते. याचा अर्थ कालचा आणि परवाचा एकॉस नेहमीच वास्तवापेक्षा वाईट दिसतो, कारण खर्च नोंदला गेलेला असतो आणि विक्री अजून यायची असते. रोज सकाळी कालचे आकडे पाहून बोली कमी करणारा नियम म्हणूनच हळूहळू सगळी मोहीम गोठवतो. दुसऱ्या बाजूला, परत आलेला माल जाहिरातीच्या अहवालातून साधारणतः वजा होत नाही. पार्सल आल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत ग्राहकाने पार्सल नाकारले, तर अहवालात विक्री दिसते आणि गोदामात चेपलेले पाकीट परत येते. आणि अशा परतीचे प्रमाण विक्रेत्याने स्वतः हिशेबात धरले नाही, तर ४० रुपयांचा तो वाव प्रत्यक्षात ३० किंवा त्याहूनही कमी असतो. करांचेही तसेच आहे. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. नोंदणीकृत विक्रेत्याला त्याची वजावट मिळते, पण १ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या सवलतीचा लाभ घेऊन नोंदणीविना, केवळ राज्यांतर्गत विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्याला ती मिळत नाही, त्यामुळे त्याचा २ रुपयांचा क्लिक २ रुपये ३६ पैशांना पडतो. यांपैकी कोणतीही गोष्ट सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही.

ज्या विक्रीचे श्रेय जाहिरातीला दिले जाते, ती जाहिरातीविना झालीच नसती का, हा प्रश्न विचारण्याचे धाडस थोडेच करतात. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी ‘ईबे’ या ऑनलाइन बाजारपेठेच्या शोध-जाहिरातींवर प्रयोग केले, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून असे दिसले की कंपनीच्या स्वतःच्या नावावरील जाहिराती बंद केल्यावर गमावलेले जवळजवळ सर्व ग्राहक बिनपैशाच्या दुव्यावरून तसेच येत राहिले; जाहिरातीचा खरा उपयोग नव्या किंवा क्वचित येणाऱ्या ग्राहकांपुरता आढळला. आपल्या ब्रँडचे नाव टाइप करून येणारा ग्राहक बहुधा आपलाच असतो. एकॉस कमी दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बजेट अशा शब्दांवर खर्च करणे, आणि केवळ एकॉसवर जोखले जाणारे सॉफ्टवेअर किंवा एजन्सी त्या मार्गाकडे सहज वळते. याची पारख विक्रेत्याला स्वतः करता येते: काही आठवडे स्वतःच्या नावावरील जाहिरात आलटून पालटून बंद ठेवून एकूण विक्री, जाहिरातीची आणि बिनजाहिरातीची मिळून, किती बदलते ते पाहावे. मात्र प्रतिस्पर्धी त्याच नावावर बोली लावत असतील, तर निष्कर्ष वेगळा निघू शकतो, म्हणून प्रयोग करून पाहण्याला पर्याय नाही. सॉफ्टवेअरचे शुल्क कसे आकारले जाते, यावरही लक्ष हवे. काही ठिकाणी ते दरमहा ठरावीक असते, तर काही ठिकाणी जाहिरात-खर्चाच्या टक्केवारीत, आणि दुसऱ्या पद्धतीत खर्च वाढला की शुल्क वाढते.

कायद्याने ग्राहकाच्या बाजूने काही बंधने घातली आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तूंचा क्रम ठरवणारे मुख्य निकष साध्या भाषेत सांगणे बाजारपेठेवर बंधनकारक आहे, आणि ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी जाहिरात आहे हे लपवून केलेली जाहिरात अनुचित ठरवली. विक्रेत्यासाठी त्याहून निकटची जबाबदारी दाव्यांची आहे. हळदीने अमुक रोग बरा होतो असे शोधशब्द विक्री देतात, हे सॉफ्टवेअरला आकड्यांवरून दिसेल आणि ते त्यांवर बोली वाढवेल. असा दावा १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याच्या आणि अन्नसुरक्षा नियमांच्या कक्षेत येऊ शकतो, हे त्याला कळणार नाही. अशा शब्दांची नकारात्मक यादी माणसाने हाताने करावी, आणि ती पहिल्याच दिवशी करावी.

नांदेडलगत गोदावरीच्या काठी असलेल्या विष्णुपुरीला लोक ओळखतात ते धरणाच्या शंकर सागर जलाशयामुळे आणि उपसा सिंचन प्रकल्पामुळे. पण त्याच गावाच्या परिसरात १९८१ मध्ये स्थापन झालेली श्री गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे आणि १९९४ मध्ये स्थापन झालेले, नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. एका ठिकाणी संगणकशास्त्राचे विद्यार्थी, दुसऱ्या ठिकाणी वाणिज्य, व्यवस्थापन आणि संख्याशास्त्राचे, आणि दोहोंपासून थोड्या अंतरावर हळदीचा मोंढा, अशी जवळीक फार ठिकाणी आढळत नाही. वर सांगितलेले बेझ यांचे सूत्र, परतीचे प्रमाण धरणारा नफ्याचा हिशेब आणि सात दिवस मागे ठेवून चालणारा बोलीचा नियम एवढ्या तीन गोष्टी एकत्र करणारे खुले सॉफ्टवेअर पदवीच्या अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पात लिहून होण्यासारखे आहे, कारण बाजारपेठांची तक्त्याची फाइल आणि एपीआय दोन्ही उपलब्ध आहेत. अशा प्रकल्पाचे खरे बळ एकत्रित आकड्यांत असेल. दहा उत्पादक कंपन्यांनी आपापले शोध-अहवाल, भाव आणि ग्राहकांची ओळख वगळून, एका ठिकाणी जमा केले, तर कोणत्या शब्दावर हळद विकली जाते याचा आरंभीचा अंदाज प्रत्येकीला स्वतःच्या बारा हजार रुपयांच्या प्रयोगाविना मिळेल, आणि थोड्या आकड्यांचा जो तोटा एकट्या बचत गटाला सोसावा लागतो तो बराच कमी होईल. यासाठी लागतो तो आपसातला विश्वास आणि आकडे कोणाच्या ताब्यात राहतील याबद्दलचा लेखी करार.

या कामाचा पहिला भाग तर आजच सुरू करता येतो. शोधशब्दांचे तपशीलवार अहवाल बाजारपेठ ठरावीक दिवसांपुरतेच उपलब्ध ठेवते, आणि नवी हळद मात्र वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येते. मकर संक्रांतीच्या हळदी-कुंकवाची किंवा लग्नसराईची मागणी मागच्या वर्षी कोणत्या शब्दांवर, किती भावाने आली होती हे पुढच्या वर्षी पाहायचे असेल, तर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो अहवाल उतरवून तारखेसह जपून ठेवावा लागतो, आणि त्यासोबत त्या महिन्याचा मोंढ्यातील भाव व परत आलेल्या पाकिटांची संख्या लिहावी लागते.